यूएसएस इंग्लंड, १:३५०: चोवीस काट्यांचं किट खान्देशच्या हवेत बांधताना

यूएसएस इंग्लंड, क्रमांक डीई-६३५. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन नौदलाची ही छोटी विनाशिका १:३५० मापात प्लास्टिकच्या किटमध्ये मिळते. तयार मॉडेल साडेसव्वीस सेंटिमीटर लांब आणि सव्वातीन सेंटिमीटर रुंद होतं, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षा जरा आखूड. किट घेण्यासारखं आहे, हे आधीच सांगून टाकतो. फक्त त्यातला एक भाग, आणि तोही नेमका महत्त्वाचा, बनवणाऱ्याने उरकून टाकलाय. शिवाय मुंबई-पुण्याच्या मॉडेलवाल्यांचे सल्ले जळगाव-धुळ्याच्या हवेत जसेच्या तसे चालत नाहीत. या परीक्षणाचा बराचसा भाग या दोन गोष्टींवर आहे.

आधी नाव. ते देशाचं नाही, माणसाचं आहे. किटसोबतच्या पत्रकात जहाजाची लांबी आहे, वेग आहे, तोफा आहेत. त्या माणसाबद्दल एक ओळही नाही. ही उणीव प्लास्टिकातल्या कुठल्याही फटीपेक्षा मोठी आहे, म्हणून ती इथे भरून काढतो.

जॉन चार्ल्स इंग्लंडचा जन्म ११ डिसेंबर १९२० चा, मिसुरी राज्यातल्या हॅरिस गावचा. १९४० साली तो नौदलाच्या राखीव दलात साधा खलाशी म्हणून भरती झाला आणि जून १९४१ मध्ये एन्साइन झाला. एन्साइन म्हणजे नौदलातल्या अधिकाऱ्याची अगदी पहिली पायरी. त्याची नेमणूक ओक्लाहोमा या युद्धनौकेवर झाली. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, ओक्लाहोमाला एकामागोमाग टॉर्पेडो लागले आणि ती कलायला लागली. इंग्लंड वर डेकवर पोचला होता. सुटला होता. पण खाली रेडिओ रूममध्ये माणसं अडकली होती. तो परत खाली गेला आणि एकाला घेऊन वर आला. पुन्हा गेला, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदाही आणलं. चौथ्यांदा गेला तो आलाच नाही. एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. ओक्लाहोमावर एकूण ४२९ जण गेले. बहुतेकांची तेव्हा ओळखच पटली नाही आणि ते अनाम म्हणून पुरले गेले. इंग्लंडच्या अवशेषांची ओळख पटली थेट २०१६ साली, डीएनए चाचणीतून.

दोन वर्षांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत त्याच्या नावाचं जहाज तयार झालं. २६ सप्टेंबर १९४३ रोजी ते पाण्यात सोडलं त्याच्या आईने, आणि १० डिसेंबर १९४३ ला ते सेवेत दाखल झालं. बकली वर्गातली ही डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट. मोठ्या विनाशिकेची ही धाकटी बहीण, ताफ्यांना राखण देणारी, वेग जेमतेम २४ नॉट. मोठ्या फ्लेचर वर्गातली जहाजं ३५ च्या पुढे जायची. कागदावर पाहिलं तर हिच्याकडून कोणी फार अपेक्षा धरली नसती.

आपल्याकडे विनाशिकांना बहुधा शहरांची नावं देतात: विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, आणि भुसावळजवळून वाहणारी तापी शेवटी जिथे समुद्राला मिळते ती सुरत. परमवीरचक्र मिळवणाऱ्यांची नावं २०२३ साली अंदमानच्या २१ बेटांना दिली गेली. अमेरिकेत विनाशिका बहुतेक माणसाच्याच नावाने ओळखली जाते, मग तो दर्यासारंग असो की वीस वर्षांचा एन्साइन. त्यामुळे अशा जहाजाचं मॉडेल बांधताना नाव हा बारीकसारीक तपशील राहत नाही.

आता मे १९४४. सॉलोमन बेटांच्या उत्तरेकडे जपानी पाणबुड्यांची एक रांग पेरलेली होती. १९ मे रोजी इंग्लंडने आय-१६ बुडवली. मग २२ ला आरओ-१०६, २३ ला आरओ-१०४, २४ ला आरओ-११६, २६ ला आरओ-१०८ आणि ३१ ला आरओ-१०५. बारा दिवसांत सहा. युद्धाच्या इतिहासात एकाच जहाजाने पाणबुड्यांविरुद्ध केलेली अशी कामगिरी दुसरी नाही. शेवटच्या पाणबुडीवर सोबतच्या जहाजांनी आधी हल्ले करून पाहिले आणि ते चुकले. मग इंग्लंडला पुढे बोलावलं. अमेरिकन नौदलाचे प्रमुख अॅडमिरल किंग यांनी तेव्हा शब्द दिला की आपल्या नौदलात इंग्लंड कायम असेल. त्याप्रमाणे पुढे क्षेपणास्त्रं असलेल्या एका मोठ्या जहाजाला हे नाव मिळालं. ते १९६३ ते १९९४ सेवेत होतं.

हे सगळं ज्या हत्याराने साधलं त्याचं नाव हेजहॉग. याचं काम समजलं नाही तर किटमधली खोट कळणार नाही. नेहमीचे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात खोल जाऊन फुटणारी स्फोटकांची पिंपं, टाकायला जहाजाला पाणबुडीच्या डोक्यावरून जावं लागतं. अगदी जवळ गेलं की सोनारचा (पाण्यात आवाज सोडून वस्तू शोधणाऱ्या यंत्राचा) आवाज तिला पकडू शकत नाही, म्हणजे ऐन वेळी जहाज आंधळं होतं. त्यात स्फोट ठरावीक खोलीवर होणारच, लागो न लागो, आणि मग ढवळलेल्या पाण्यात बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. हेजहॉगचे २४ गोळे जहाजाच्या पुढे अडीचशे मीटरच्या आसपास जाऊन गोलाकार पडतात, तेही सोनारची पकड चालू असतानाच. ते फक्त काहीतरी आदळलं तरच फुटतात. शांतता म्हणजे चुकलं, आवाज म्हणजे लागलं. चुकलं तरी पाणी स्वच्छ राहतं आणि लगेच दुसरा फेरा करता येतो. आय-१६ वर असे पाच फेरे करावे लागले, आणि शेवटच्या स्फोटाने खुद्द इंग्लंडचा मागचा भाग पाण्यातून उचलला गेला.

आणि किटमध्ये हा हेजहॉग एका अखंड तुकड्यात दिलाय. वर अस्पष्ट उंचवटे, मोजायला गेलं तर नक्की किती तेही सांगता येत नाही. बाकीचं काम चांगलं आहे: पत्र्यांच्या कडा बारीक, तीन इंची तोफांची नळी सरळ, मागच्या डेप्थ चार्जच्या रॅकमध्ये पिंपं सुटी दिसतात, दोन्ही बाजूंचे चार-चार प्रक्षेपक स्वतंत्र. पण ज्या वस्तूमुळे या जहाजाचं नाव झालं, तीच ढेकळासारखी. हा भाग नवा बनवा. एका संध्याकाळचं, तीनेक तासांचं काम आहे.

खऱ्या हेजहॉगमध्ये सहा-सहाच्या चार रांगा असतात. गोळ्याचं डोकं १८३ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या मापात अर्धा मिलिमीटर. पूर्ण लांबी साडेतीन मिलिमीटरच्या आत. आणि डोक्याखालची शेपटी बरीच बारीक. किटमधल्या तुकड्याच्या तळाएवढीच पट्टी ०.२५ मिमीच्या प्लास्टिक शीटमधून कापा. तिच्याखाली सागाचा तुकडा ठेवून भिंगाखाली सुईने २४ खुणा टोचा. आधी चार कोपरे, मग कडेच्या रांगा, शेवटी आतल्या. क्रम बदलला की रांग तिरकी जाते आणि ते शेवटपर्यंत लक्षात येत नाही. छिद्रं ०.३ मिमीच्या ड्रिलने, हातातल्या पिन-वाइसने (बोटांनी फिरवायच्या ड्रिलच्या मुठीने) पाडा. यंत्राने पाडायला जाऊ नका, प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं आणि ड्रिल मोडतं. दोन-तीन ड्रिल जास्तीची घेऊन ठेवा.

काट्यांसाठी, म्हणजे त्या २४ गोळ्यांसाठी, किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचीच काडी पणतीवर धरून मऊ करा आणि ओढा. पाव मिलिमीटर जाडीची तार हवी. जाडी मोजायची सोपी युक्ती: वीस तुकडे शेजारी शेजारी चिकटून ठेवले की रुंदी पाच मिलिमीटर भरली पाहिजे. मग पेटती उदबत्ती टोकाजवळ आणा, टेकवू नका. प्लास्टिक आपोआप आक्रसून टोकाला बारीक बोंड तयार होतं. तेच गोळ्याचं डोकं. बोंड अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलं की तो काटा बाजूला टाका. एकूण ३५ तरी बनवा, कारण चिमट्यातून उडालेला काटा परत सापडत नाही. बसवताना कडेचे काटे किंचित बाहेर झुकवा, मधले सरळ. हा भाग पुढच्या पहिल्या तोफेच्या लगेच मागे बसतो. तोफ आधी चिकटवली तर हात जात नाही, म्हणून आधी हेजहॉग, मग तोफ.

एवढी बारीक हत्यारं आणायची कुठून, हा प्रश्न जळगावात तरी पडू नये. सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांत बारीक कानशी, टोकदार चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, पिन-वाइस हे सगळं मिळतं आणि हॉबीच्या नावाखाली येणाऱ्या मालापेक्षा टिकाऊ असतं. ०.३ चं ड्रिल मात्र सर्किट बोर्डचं सामान विकणाऱ्याकडे विचारा.

आता बांधणी. पार्सल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे हुलचे, म्हणजे जहाजाच्या धडाचे, भाग काचेवर ठेवून पाहणं. वैशाखात पत्र्याच्या गोदामात आणि बंद टेम्पोत पडून राहिलेला माल पीळ घेऊन येतो, विशेषतः डबा जड मालाखाली दबला असेल तर. इतका लांब आणि अरुंद भाग वाकायला फार काही लागत नाही. थोडा पीळ असेल तर पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, पाच-सात मिनिटांनी त्यात भाग अर्धा मिनिट बुडवा, लगेच काचेवर सरळ टेपने बांधा आणि गार पाण्यात सोडा. उकळत्या पाण्यात टाकलात तर संपलं. आधी टाकाऊ चौकटीच्या तुकड्यावर करून बघा.

हुल पाण्याच्या रेषेवर दोन भागांत येतं, वरचं आणि खालचं. समुद्राचा देखावा करायचा असेल तर खालचं सोडून द्या. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर पूर्ण बांधा. जोडताना टोकाकडून सुरुवात करू नका. मधून सुरू करून एकदा पुढे, एकदा मागे, चार-चार सेंटिमीटर करत जा. टोकाकडून गेलात की उरलेली सगळी तफावत दुसऱ्या टोकाला साठते आणि नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, पायरी तयार होते. सांधा पुट्टीने भरा, ४००, ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासा.

पातळ मॉडेल सिमेंट इथे उन्हाळ्यात त्रास देतं. पारा ४३ च्या पुढे असताना ब्रश बाटलीतून सांध्यापर्यंत नेईतो अर्धं उडून जातं, सांधा वरून जोडलेला दिसतो आणि आठवड्याने उघडतो. काम सकाळी आठच्या आत करा, पंखा बंद ठेवा, आणि लांब सांध्यांना जरा जाड, हळू वाळणारं सिमेंट वापरा. सुपरग्लूचं उलटं आहे. त्याला घट्ट व्हायला हवेतली ओल लागते. कोरड्या वैशाखात तो मिनिटभर तसाच ओला राहतो, माणूस वैतागून आणखी एक थेंब टाकतो आणि मग सगळं ओघळतं. धीर धरा किंवा सांध्यावर आधी तोंडाची वाफ सोडा. बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, आत पाणी धरतं आणि उरलेला ग्लू दगड होतो.

कठड्यांचे पितळी भाग वेगळे घ्यावे लागतात. मूळ किटच्या निम्म्याहून जास्त खर्च त्यावर जातो, पण कठडे घ्याच. जाड प्लास्टिकचे कठडे लावण्यापेक्षा काही न लावलेलं बरं. पितळ सरळ वाकवलं तर परत उसळतं. सोनार तार नरम करतो तसं क्षणभर ज्योतीवरून फिरवा, रंग बदलला की बाजूला, गार झाल्यावर वाकवा. कठड्याची उंची तीन मिलिमीटरच्या आत हवी.

रंगाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सर्वाधिक मॉडेल तिथेच बिघडतात. प्रशांत महासागरातल्या अमेरिकन जहाजांचे उभे पृष्ठभाग त्या काळात निळ्या छटेच्या राखाडी रंगांचे असत, आडवे पृष्ठभाग डेक ब्लू, म्हणजे २०-बी. या रंगांमध्ये जांभळट निळं मिसळलेलं असायचं. फक्त काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी नौदलाने १९४५ मध्ये आणला. दुकानातला नुसता 'नेव्ही ग्रे' मे १९४४ च्या इंग्लंडला चालणार नाही. त्यात निळ्याचा आणि अगदी थोडा जांभळ्याचा थेंब घाला. या रंगांची नक्षी (कॅमफ्लाज) कुठली करायची ते डब्यावरच्या चित्रावरून ठरवू नका, या जहाजाच्या १९४४ च्या फोटोंवरून ठरवा. पाण्याखाली तांबूस गंजरोधक रंग, पाण्याच्या रेषेवर तीनेक मिलिमीटरचा काळा पट्टा.

एअरब्रश ०.३ च्या सुईचा, दाब १५ ते १८ पीएसआय. अॅक्रिलिक रंग इथे सुईच्या टोकावर दोन मिनिटांत सुकतो; १० मिलीत रिटार्डरचे (रंग हळू सुकवणाऱ्या द्रवाचे) तीन-चार थेंब टाका आणि दर दोन मिनिटांनी टोक ओल्या कापसाने पुसा. लॅकर मारताना कूलर बंद. खान्देशात घरोघरी गवताचा कूलर चालतो आणि तो खोलीत ओलसर हवा सोडतो. त्या हवेत लॅकरवर पांढरी साय धरते. क्लियर कोट मारून खोलीबाहेर गेलात, घरच्यांनी कूलर लावला, की सकाळी निळं जहाज दुधाळ झालेलं असतं. साय हलकी असेल तर कोरड्या दिवशी नुसत्या हळू थिनरचा एक पातळ फवारा मारल्यास बऱ्याचदा निघते. दाट असेल तर घासून पुन्हा.

दिवाळीनंतर हवा चांगली होते, पण तेव्हा जिनिंग सुरू झालेलं असतं. जवळपास जिनिंग-प्रेसिंग असेल तर कापसाचा तंतू उघड्या खिडकीतून येतो आणि ओल्या रंगावर बसला की कठड्यापेक्षा जाड दिसतो. प्लास्टिकचं मोठं खोकं आडवं ठेवून त्यातच रंगवा, आतून आधी पाण्याचा हलका फवारा मारून तंतू खाली बसू द्या, आणि रंगवून झालं की झाकण लावा. आमच्या मते इथे रंगकामाला सर्वांत चांगले दिवस म्हणजे मधला फेब्रुवारी ते मार्चचा मध्य.

नाळेवरचा ६३५ हा आकडा डिकॅलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्याने, लावायचा आहे. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने गडद निळ्या रंगावर क्षाराची पांढरी कडा उरते आणि ती पुसताना आकडाच निघतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते.

गंज माफक ठेवा. कामगिरीच्या वेळी जहाज सेवेत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. नांगराच्या भोकाखाली एक बारीक ओघळ आणि पाण्याच्या रेषेजवळ मिठाची फिकट झाक पुरे. ब्रिजखाली (जिथून जहाज चालवतात त्या मजल्याखाली) उजव्या बाजूला जळकट डाग दाखवायचा मोह होईल, कारण ९ मे १९४५ ला ओकिनावाजवळ कामिकाझे (जपानी आत्मघातकी) विमान तिथेच आदळलं आणि ३७ जण गेले. पण मग ते मे १९४४ चं जहाज राहत नाही. दोन्ही एकत्र करू नका.

हे किट आयुष्यातलं पहिलं म्हणून घेऊ नका. आधी एखादं विमान बांधून हात बसवा. आणि स्वस्त पडतं म्हणून १:७०० मापाकडे जाऊ नका, तिथे हेजहॉगचं डोकं पाव मिलिमीटरचं होतं आणि आपल्या हाताने ते शक्य नाही. बाकी ज्याला संयम आहे त्याने हे जरूर घ्यावं.

धुळीसाठी काचेची पेटी करून घ्या, आतली लांबी ३२ सेंटिमीटर. तळाला पितळी पाटी लावायची तर ट्रॉफी बनवणाऱ्यांकडून कोरून घेता येते. पाटी सहा सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच ठेवा, अक्षरं तीन मिलिमीटरपेक्षा लहान नकोत, नाहीतर 'न्सा' आणि 'ग्लं' ही जोडाक्षरं कोरताना भरून जातात. वरच्या ओळीत जहाजाचं नाव आणि क्रमांक. खालच्या ओळीत: एन्साइन जॉन चार्ल्स इंग्लंड, ११ डिसेंबर १९२० – ७ डिसेंबर १९४१. कोरायला देण्याआधी तारखा कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.